मशीनखालचं टोपडं

सुषमाचे बाबा,

मी वांकिडीले मावशीकडं चालली, सांजच्या बसनं येईन. भाकर झाकून ठेवली हाय.

लोकर विणाच्या मशीनखाली तुमी दडवलेलं टोपडं सापडलं. बायांच्या मशीनले हात लावत नाही म्हणत होते ना? गोल विणाचं असन तर जाताना पुढच्या सुया विणतात, येताना मागच्या. तुमी गोल विणाचा खटकाच फिरवला नाही, म्हणून दोन्ही पदर एकात विणले गेले. त्यात बोटबी जात नाही, लेकराचं डोकं कसं जाईन? खटका लावून ठेवला हाय, पुन्हा विणा.

पण काठाले झालर लावली तुमी. पोराच्या टोपड्याले कोणी झालर लावत नाही. दुसरीबी पोरगीच झाली तर तुमचं तोंड उतरन, हे भेव चार महिने मी कोणालेच सांगितलं नव्हतं.

आज बसमधी निवांत झोप लागन मले.

चंद्रभागा