दुसऱ्या गावचं बी

८ नोव्हेंबर
आले एकदाचे! दक्षिण सुदानचे दोघं — डेंग हा बाप्या आणि न्याकुओथ ही बाई. बियाणं कंपनीच्या यशश्री मॅडम जालन्याहून गाडीत घेऊन आल्या. त्यांच्या देशात आपसातच लढाई झाली म्हणे, गावंच्या गावं जळाली. आता स्वतःचं बियाणं तयार करायचंय. म्हणून इथं हसनाबादला, माझ्या शेडनेटमधी टमाट्याचं क्रॉसिंग शिकणार — एका झाडाच्या नर फुलांची पावडर दुसऱ्याच्या फुलाला लावून बी धरायचं.
मी विचारलं, "मंग उद्या आमचं काम तिकडं जाईल का?"
मॅडम नुसत्या हसल्या. हे काय उत्तर झालं?

९ नोव्हेंबर
तो बारीक-सारीक विचारतो. ती काहीच विचारत न्हाई — नुसती त्याच्या हातांकडं बघते.

११ नोव्हेंबर
दोघं शेजारी जेवायला बसत न्हाईत. पण तो नेटमधी शिरला की ही लगेच मागं! आमचे हे म्हणाले, "नवराबायको रुसले असतील." नवराबायको कुठले! आज त्यानं नर फुलांची पावडर डबीत भरली, तर हिनं झाकण उघडून पाह्यलं. काहीतरी पळवून राह्यले. बराबर ओळखलंय मी.

१२ नोव्हेंबर
शेवटी मॅडमला बोललेच, "यांच्या पिशव्या बघा." डेंगला न सांगता कळलं. त्यानं पिशवी खाटेवर उपडी केली. दोन शर्ट, चप्पल, बायकोचा फोटो. बस! जमीन फाटून आत गेले असते तर बरं.
मंग न्याकुओथ इंग्रजीत कितीतरी वेळ बोलली. मॅडमनी सांगितलं — "त्याच्या लोकांनी हिचं गाव जाळलं. हिच्या लोकांनी त्याचे भाऊ मारले. आता गावं पुन्हा वसलीत, पण एकाच्या हातचं बी दुसरं गाव पेरत न्हाई. विष लावलं असंल म्हणतात. म्हणून दोन्ही गावांनी एकेक माणूस पाठवला. एकमेकांवर नजर ठेवायला."
मी चहा टाकला. डेंगनं घोट घेतला, तेव्हाच तिनं कप उचलला.

१५ नोव्हेंबर
डेंगकडून कळ्या मोडत होत्या. न्याकुओथनं त्याचं बोट धरून कळी कशी सोलायची, आतला नर कसा काढायचा ते दाखवलं. लगेच आपला हात झग्याला पुसला.
तरी दाखवलं!

१९ नोव्हेंबर
डेंग एकटाच त्याच्या देशी परत गेला. दोन्ही गावांत पेरायला कंपनीनं दिलेलं सगळं बी त्याच्याजवळ. न्याकुओथ फळं पिकेपर्यंत माझ्याकडंच राहणार — स्वतःहून म्हणाली. मी विचारलं, "बसला का त्याच्यावर भरवसा?"
माझ्याकडूनच शिकलेल्या मराठीत म्हणाली, "न्हाई. पण पेरणी आली."