बाबांचा ओबो आणि माझी यादी

२४ मार्च, रविवार. सकाळी ११
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
मिशन ठरलं. २६ मेला बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. त्या दिवशी बाबा ओबो वाजवणार. जबड्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. बोलणं गेलं, आता ते पाटीवर लिहितात. ठीक आहे. वाजवणं मी परत आणतो.
(ओबो म्हणजे काय, हे ऑफिसात दर वेळी सांगावं लागतं. सनईच्या कुळातलं विलायती वाद्य. काळं लाकूड, चंदेरी चाव्या, पेटीत तीन तुकडे सुटे करून ठेवतात. बाबा लष्कराच्या बँडमध्ये अठ्ठावीस वर्षं वाजवत होते. बँड सुरू होण्याआधी ते एक सूर धरायचे आणि बाकीचे सगळे त्या सुराला आपापलं वाद्य मिळवून घ्यायचे. हे मी लहानपणापासून शंभरदा ऐकलंय.)

संध्याकाळी ७
बोपोडीला जाऊन आलो. बाबा तिथे ताईकडे असतात. ओबो घेऊन आलो, सर्व्हिसिंगला देणार. बाबा पेटी सोडेनात, दोन्ही हातांनी धरून बसले. भावूक झाले असणार. ताई म्हणाली की वाजवता येत नसलं तरी ते रोज संध्याकाळी ओबोतून फडकं फिरवतात, तेवढं एकच काम उरलंय त्यांना, ते तरी राहू दे. आम्रपालीताई हुशार आहे, पण तिला व्हिजन नाही. म्हटलं, आठ दिवसांत चकाचक करून आणतो. बाबांनी पाटीवर लिहिलं की उन्हात ठेवू नकोस, लाकूड आहे. मी म्हटलं, बाबा, मी इंजिनिअर आहे.

२६ मार्च. दुपारी १:३०
बाबांना गरज आहे ती प्रेरणेची. जगातल्या बारा मोठ्या ओबोवादकांची यादी केली. एक्सेलमध्ये. कॉलम: नाव, देश, लिंक, बाबांची प्रतिक्रिया. शेवटच्या कॉलमला हिरवा रंग दिला. रोज एक वादक पाठवायचा.
पूर्वाला दाखवली. बायको या नात्याने कौतुक अपेक्षित होतं. ती म्हणाली की यादी करायला अडीच तास लागले, बोपोडी पाऊण तासावर आहे.

२९ मार्च
पहिली लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर गेली. हाइन्झ होलिगर, स्वित्झर्लंड. हा माणूस वाजवता वाजवताच नाकाने श्वास घेतो, सूर तुटत नाही. मी स्वतः चाळीस सेकंद ऐकलं. दर्जा कळायला तेवढं पुरतं.
दोन निळ्या टिका आल्या. प्रतिक्रिया: सकारात्मक.

७ एप्रिल, रविवार
आज बोपोडीला जाणारच होतो. ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आलं. आल्ब्रेख्त मायर पाठवला. बर्लिनचा आहे. निळ्या टिका.
कॅम्पात एक वाद्य दुरुस्तीवाला सापडला. रविवारी बंद. इतर दिवशी मी हिंजवडीत. ओबो गाडीच्या डिकीतच ठेवलाय, म्हणजे वेळ मिळाला की थेट नेता येईल. याला म्हणतात प्लॅनिंग.

१४ एप्रिल, रविवार
जयंती. बोपोडीत पाय ठेवायला जागा नव्हती, गाडी लांब लावावी लागली. बाबा पांढरा सदरा घालून दारात खुर्चीवर बसले होते. येणारे-जाणारे जयभीम करत होते, ते हात जोडत होते. वजन उतरलंय. बाबा पहिल्यापासूनच सडपातळ. सदरा मात्र कोणीतरी मोठ्या मापाचा आणलाय.
मला बघितल्यावर आधी माझ्या हातांकडे बघितलं. मग पाटीवर लिहिलं, ओबो? मी म्हटलं, सरप्राइज आहे. गाडीत होता, आणून दाखवता आला असता, पण अर्धवट काम मला आवडत नाही. पंचवीस मिनिटं बसलो. ताई म्हणाली की घड्याळ तिच्याकडेही आहे, मी सारखं बघायची गरज नाही.

२२ एप्रिल
यादीतला हुकमाचा एक्का आज काढला. लिऑन गूसेन्स, इंग्लंड. १९६२ मध्ये गाडीचा अपघात झाला, ओठ आणि दात गेले. पठ्ठ्या पुन्हा नव्याने शिकला आणि परत स्टेजवर उभा राहिला! खाली मी मोठा मेसेज लिहिला. बाबा, हा करू शकतो तर तुम्ही का नाही, वगैरे. लिहिताना माझेच डोळे भरून आले.
संध्याकाळी ताईचा फोन. म्हणाली की ऑपरेशननंतर बाबा पहिल्यांदा हसले. पाटीवर लिहिलं की याला ट्रेनिंगमध्ये असताना रेकॉर्डवर ऐकलाय, फार मोठा माणूस, पण त्याचा जबडा जागेवर होता. आणि त्याखाली, ओबो आण.
विनोदबुद्धी परत आली! प्रतिक्रिया: उत्तम.

३० एप्रिल
भयंकर उकाडा. ऑफिसच्या पार्किंगमध्ये छत फक्त साहेब लोकांच्या गाड्यांना. स्टिअरिंगला हात लावता येत नाही. ओबोची आठवण झाली, पण डिकी बंद असते, आत सावलीच असणार.
नोट टू सेल्फ: या शनिवारी कॅम्प. नक्की.

५ मे, रविवार
शनिवारी जमलं नाही.
पण बातमी चांगली. ताई बाबांना डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणाले की आता इथवर आणायची दगदग करू नका, जे मागतील ते द्या, ज्यांना भेटावंसं वाटेल त्यांना भेटू द्या. म्हणजे पथ्य उठलं! ताई फोनवर रडत होती. एवढे दिवस सगळं तिनेच केलं, सुटकेचं रडू येतं माणसाला.
लगेच २६ मेसाठी हॉल बुक केला. दोनशे खुर्च्या. बाबांच्या बँडमधल्या कोंडीराम काकांनाही फोन केला. म्हटलं, बाबा वाजवणार आहेत. काकांनी दोनदा विचारलं, भीमराव वाजवणार? मग म्हणाले की येतो.

१० मे
फ्रान्सचा फ्रांस्वा लेलू पाठवला. निळ्या टिका नाहीत. ताईला विचारलं. ती म्हणाली की तुझे युरोपातले सगळे बाबांना भेटून गेले, तूच तेवढा राहिलायस.
हा टोमणा होता. मी मनावर घेतलं नाही. रविवारी जातोच.

१२ मे, रविवार
निघालो होतो. वाकडच्या पुलाखाली तासभर गाडी हलली नाही. शेवटी वळवली. भरपाई म्हणून एकदम तीन लिंका पाठवल्या.

१५ मे. संध्याकाळी ६
ताईचा फोन. बाबा दोन दिवस काही लिहीत नाहीत. जुन्या कॅलेंडरची गुंडाळी करून घेतलीय आणि तिच्यातून फडकं ओढत बसतात. एका बाजूने घालायचं, दुसऱ्या बाजूने हळूच ओढून घ्यायचं. पुन्हा घालायचं. ताई म्हणाली की मला बघवत नाही रे, आज तरी घेऊन ये तो ओबो.
मला मात्र उभारी आली. याचा अर्थ सराव सुरू आहे! प्रेरणा काम करतेय. प्रतिक्रिया: अत्युत्तम.
उद्या हाफ डे घेतो. आधी कॅम्प, मग बोपोडी.

१६ मे
सकाळी सहा चाळीसला ताईचा फोन आला.
साडेनऊची मीटिंग होती. ती रद्द केली.

१७ मे
काल दुपारी सगळं झालं. सांगायचं राहिलं ते इथे लिहितो.
त्रिशरण-पंचशील झाल्यावर ताई म्हणाली की ओबो आण, निघण्याआधी थोडा वेळ त्यांच्या हाताशी ठेवू. मी खाली गेलो. डिकी उघडली. पेटी उघडली. ओबोच्या वरच्या तुकड्याला तडा गेलाय. टोकापासून तिसऱ्या चावीपर्यंत, नख आत जाईल एवढा. सात आठवडे तो डिकीतच होता.
पेटी बंद केली. वर येऊन सांगितलं की ओबो दुरुस्तीला दिलाय. ताईने माझ्या हातातल्या गाडीच्या किल्लीकडे बघितलं आणि बाबांचे रिकामे हात सारखे केले.

२६ मे, रविवार
हॉल बुक होताच. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तिथेच घेतला. बॅनर फक्त बदलून घ्यावा लागला.
मी चार शब्द बोललो. शेवटच्या दिवसांत बाबांना जगातल्या श्रेष्ठ वादकांची सोबत होती, असं म्हणालो. लोकांनी माना हलवल्या. पूर्वा बाहेर निघून गेली.
कोंडीराम काका शेवटी माझ्याजवळ आले. म्हणाले की भीमरावांचा ओबो एकदा बघायचा होता, राजस्थानच्या उन्हातसुद्धा त्यांनी त्याला केसाएवढा तडा जाऊ दिला नव्हता, स्वतः उन्हात उभे राहायचे आणि पेटी सावलीत ठेवायचे. मी म्हटलं, दुरुस्तीला आहे.
जाताना ताईने एक पिशवी दिली. पाटी आणि ते फडकं. आईच्या जुन्या साडीचं आहे. पाटी पुसलेली होती.

२ जून, रविवार. दुपारी ४
काल कॅम्पात गेलो. दुकान उघडं होतं, वीस मिनिटांत पोचलो. दुरुस्तीवाला म्हणाला की तडा बुजवता येईल, पण सूर राहणार नाही, शोकेसमध्ये ठेवा.
आज यादी उघडली. बारा नावं. पहिल्यांदाच पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला बसलो. गूसेन्सपर्यंत पोचलो आणि पुढे ऐकवेना. बाबांशेजारी बसून हे ऐकायला काय झालं होतं मला? हिरवा कॉलम सगळा मीच भरलाय.
मग ठरवलं, निदान एक काम करू. पेटी उघडली. फडकं ओबोच्या वरच्या तुकड्यात घातलं आणि ओढलं. मध्येच अडकलं. जोर लावला तर तडा करकरला. सोडून दिलं.
फडकं रुंद तोंडाकडून घालायचं असतं. बाबांनी एकदा मला समोर बसवून दाखवलं होतं. मी नववीत होतो आणि खिडकीबाहेर बघत होतो.
आईच्या साडीचं टोक तेवढं बाहेर दिसतंय.