तिसरा पर्याय

प्रिय वेंडेल,

परवा टीव्हीवर तुला पाहिलं. निळा टाय, ताठ मान आणि राष्ट्राध्यक्षांच्या दूरदृष्टीचं गुणगान! हसावं की रडावं कळेना. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या कचेरीत जन्म काढलास आणि शेवटी होयबाच झालास.

थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण आठवतंय? घटस्फोट झाला तरी आपल्या लेकीसाठी, टेससाठी मी तुला बोलावलं होतं. टर्की कापता कापता तू पाहुण्यांना अक्कल शिकवत होतास. राष्ट्राध्यक्षांपुढे नेहमी तीन पर्याय ठेवायचे म्हणे. पहिला शेळपट, तिसरा वेडगळ, म्हणजे ते मुकाट्याने आपल्याला हवा तो मधला उचलतात. सगळे खो खो हसले. मग भांडी विसळताना मला हळूच सांगितलंस की या खेपेचा तिसरा पर्याय म्हणजे ज्याच्यावरून वाटाघाटी चालल्या होत्या, त्या बेटावरचं बंदर सैन्य पाठवून घ्यायचं. वर म्हणालास, "ते पान मी सँडविच खाता खाता खरडलं."

तिथल्या किनाऱ्यावर तोफा किती, हे तरी कुणाला विचारलं होतंस का? बाकीच्या खात्यांनीही डोळे झाकून होकार कळवला असणार. जो पर्याय कुणी निवडणारच नाही, त्याच्यावर डोकं कोण शिणवणार? आणि या गृहस्थांनी नेमका तोच उचलला. सही झाली, आदेश निघाला, तुझा पाचकळपणा देशाचं धोरण झाला. वाटाघाटीला गेलेले लोक परत बोलावले, जहाजं निघाली. तुम्ही सगळे मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात. खुर्ची जाईल ना! किळस येते मला तुमची.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, बर्फ उपसायला शेजारी येतात. तुझा म्हातारा कुत्रा अजून सोफ्यावरच लोळतो.

काल टेसचा फोन आला. बंदरावर आधी तिच्याच तुकडीची हेलिकॉप्टरं उतरणार आहेत, शुक्रवारी निघतात. भीती वाटते का विचारलं, तर म्हणाली, "आई, आदेश बाबांच्या कचेरीतून आलाय. त्यांनी सगळा विचार केलाच असेल ना?" मी हो म्हणाले. पोरीशी इतकं खोटं मी कधी बोलले नव्हते. ज्याने सही केली तो ती मागेही घेऊ शकतो. तेव्हा जा राष्ट्राध्यक्षांपुढे आणि सांग, की ते पान नुसतं भरताड होतं. तेवढी छाती नसेल, तर शुक्रवारच्या आत लेकीला फोन कर आणि सँडविच खाता खाता काय खरडलंस, ते तिला तुझ्या तोंडाने सांग.

एकेकाळी तुझीच,
लॉरेटा