क्रोम चढवलेला शाफ्ट

जालना,
ता. १० मार्च १९७५

आदरणीय तातेराव दाजी,
सप्रेम जयभीम.

इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा आता कमी दुखतो. बेबीअक्काची खुशाली कळवा. सकाळी केलेली तार मिळाली असेल. ‘गिरणी चालवू नका’ एवढंच वाचून तुम्ही माझ्यावर चिडला असाल. मंठ्याचा बाजार तोंडावर, दळणाच्या डब्यांची रांग, आणि हा मेहुणा तिकडून हुकूम सोडतोय! पण कारण तारेत मावण्यासारखं नव्हतं.

गिरणीला सध्या असलेला शाफ्ट तुटू शकतो. तुटेलच असं नाही. मलाच नीट कळेना झालंय, दाजी.

परवा औरंगाबादचे एक सर आमच्या वर्कशॉपात आले होते, धातूंचं शिकवतात. महिन्यापूर्वी तुटलेल्या, मीच क्रोम चढवलेल्या तुमच्या जुन्या शाफ्टचा तुकडा मी त्यांना सहज दाखवला. सहज म्हणजे, महिनाभर दाखवू की नको चाललं होतं. त्यांनी तो उजेडात धरला. कडेने गुळगुळीत, काळपट. मधे थोडाच भाग ताजा, खडबडीत. म्हणाले, “ही चीर जुनी आहे. क्रोमपासून सुरू झाली आणि रोज थोडी थोडी आत गेली.”

मी म्हणालो, “सर, क्रोम तर पोलादाहून कडक असतंय. मंग कडक केलेली वस्तू आधी कशी तुटंल?”

क्रोमच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात म्हणे. पट्ट्याच्या ओढीनं शाफ्ट फिरताना दर फेऱ्याला किंचित वाकतो आणि चीर खाली पोलादात उतरते. साधा शाफ्ट लवकर झिजतो, पण इतक्या लवकर तुटत नाही. सात वर्षं क्रोम चढवतोय मी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लोक चमक बघून खूश, मीही खूश.

मग त्यांनी विचारलं, “क्रोमच्या टाकीतून काढल्यावर लगेच भट्टीत ठेवला होता ना?” टाकीत पोलाद वायू शोषून घेतं, तो तापवून लगेच काढला नाही तर ठिसूळ होतं. मी हो म्हणालो. ठेवला होता, पण चौथ्या दिवशी. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी तो टाकीतून निघाला. आमच्या मालकांकडे त्या दिवशी भट्टी पेटत नाही, तिलाही हळदकुंकू लागतं. आणि मला नागपूरची गाडी गाठायची होती, दीक्षाभूमी मी कधी चुकवली नाही. आल्यावर तापवला. तापवलं म्हणजे झालं, असं वाटलं.

मग तुटला कशानं? उशिरानं, क्रोमनं, की गिरणीवरच्या मच्छिंद्रनं पट्टा खरंच जास्त ताणला होता? शेवटी उशिराचं आणि पट्ट्याचंही सांगितलं, तेव्हा सर म्हणाले, “तिन्ही असेल.” मी हे उलटसुलट करून बघतो, काहीच जुळत नाही. आत्ताचा शाफ्ट मी वेळेवर तापवला, पण मजबूत व्हावा म्हणून त्यालाही क्रोमच चढवलं. आणि मच्छिंद्र नाही, म्हणून अक्का त्या शाफ्टजवळ उभी राहून दळते.

मच्छिंद्र का नाही, हे लिहायला हात धजत नाही. पुली उडून त्याचं मनगट मोडलं त्या दिवशी मी आलो होतो. तुम्ही तुकडा माझ्या हातात देऊन विचारलंत, “देवानंद, तुला कळतं यातलं. पट्टा जास्त ताणल्यानंच तुटला ना, बराबर?” तो काळपट भाग मी तेव्हाच पाहिला होता. ही मोड आजची नाही एवढं मला कळलं होतं. मच्छिंद्र हात छातीशी धरून म्हणाला, “भाऊ, म्या रोजच्यासारखाच लावल्ता.” मी तुमच्याकडे बघून होकाराची मान हलवली. तुम्ही त्याला कामावरून काढलंत. मला माझी लाज वाटते, दाजी.

गुरुवारच्या पहिल्या एसटीने साधा शाफ्ट घेऊन येतोय. आधी मच्छिंद्रच्या घरी जाईन. त्यानं तोंडावर दार लावलं तर बाहेर बसेन. आला तर त्याला घेऊन गिरणीत येईन आणि दळणाला आलेल्या सगळ्यांसमोर बोलेन. त्याचा हात अजून बांधलेलाच असेल. पट्टा किती ताणायचा ते तो सांगेल, आणि मी तसाच लावीन.

आपला अपराधी,
देवानंद