तेलाचा काटा वर येत नाही

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. फोन तू उचलत नाहीस आणि दार उघडलंस तरी बोलत नाहीस, म्हणून दोन गल्ल्यांवरून टपालाने येतोय. प्रकृती कशी आहे? जेवतोस ना? (मागचा डबा जसाच्या तसा परत आला, म्हणून विचारलं.) माझी कंबर सोडली तर इकडे सगळं ठीक.

विषय तुझ्या विमानाचा. वहिनी गेल्यापासून तू त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस, म्हणून वर्षभर दर रविवारी मी ते हँगरबाहेर ढकलून (कंबर इथेच गेली) अर्धा तास इंजिन चालवतो. उडवायचा परवाना तुझ्याकडे, माझ्याकडे नुसते नट-बोल्टचे पाने. उभ्या यंत्राला गंज चढतो, एवढं मला कळतं. पण या थंडीत तेलाच्या तापमानाचा काटा काही केल्या वर येईना. तेल थंड करणारी जाळी वहिनीने मागच्या हिवाळ्यात पट्टी चिकटवून अर्धी झाकलीच होती, उरलेली मी पुठ्ठ्याने झाकली. काटा ढिम्म. मग इंजिनाला घरची रजई पांघरली, तासभर ऊब दिली, आणि सुरू करताना ती काढायलाच विसरलो. पंख्याने दोन मिनिटांत सगळा कापूस पिंजून दिला. पहारेकऱ्याला वाटलं बर्फ पडतोय, तो छत्री आणायला धावला. घरात मला अजून दुसरं पांघरूण मिळालेलं नाही.

शेवटी तपासणीसबुवांना बोलावलं. त्यांनी तेलाचं झाकण उघडलं, तर आत पांढरी साय. म्हणाले, जमिनीवर तेल पुरतं तापतच नाही, आतला ओलावा वाफ होऊन जात नाही, तिथेच साचतो. तासभर आकाशात गेलं तरच इंजिन कोरडं होतं. हातच लावला नसतास तर बरं झालं असतं, म्हणाले. म्हणजे वर्षभर मी मायेने ते कुजवत होतो. गंज नुकता लागलाय, अजून वेळ गेलेली नाही. पण असंच उभं राहिलं तर इंजिन गेलं म्हणून समज.

दादा, मी तिथेच पान्यांच्या पेटीवर बसून रडलो. वहिनीसाठी रडायचं राहिलंच होतं. तुझ्याकडेही मी दर रविवारी अर्धाच तास येतो आणि उठतो, हे घरी परतताना लक्षात आलं.

लोभ असावा असं लिहीत नाही, तो आहे. भूक असावी.

तुझा धाकटा

ता. क. : नवं तेल घातलंय, पुठ्ठा काढलाय, तपासणीसबुवांनी उडायला हरकत नाही असं लिहून दिलंय. तू येण्याचा आग्रह मुळीच नाही. माझ्या ओळखीचा एक वैमानिक उडवायला तयार आहे.

ता. क. : वैमानिक वगैरे कुणी नाही.

ता. क. : जाळीवरच्या पट्टीवर वहिनीच्या अक्षरात लिहिलंय, ‘ऊन वाढलं की काढा. दोघांपैकी कुणीही.’ गेल्या उन्हाळ्यात विमान उडालंच नाही, म्हणून ती तशीच राहिली. आता पुन्हा ऊन वाढायला लागलंय. मी दोनदा नख लावलं, पण मला ती काढवेना. दोघांपैकी तूच उरलास. रविवारी सकाळी ये. मी दिवसभर मोकळा आहे.