टच-अप न केलेला फोटो

आई, मागच्या महिन्यात मी दौंडात फोटोच्या दुकानात उभी राहून, भर गिऱ्हाइकांत ओरडले, "माझं तोंड मला परत दे!" लोक बघायला लागले. लग्नाच्या बायोडाटासाठी फोटो काढायला आलेली एक पोरगी ओढणी तोंडावर धरून हसली. हसू दे. तुझ्या पोटची आहे मी. तूसुद्धा बाजारात कुणी मापात मारलं की असाच आवाज चढवायचीस. तुला जाऊन एवढी वर्षं झाली, कधी लिहावंसं वाटलं नाही. पण ह्या वेळचा संताप कुणापुढं ओकावा तेच कळेना. भावाला सांगायला गेलं तर तो म्हणतो, "आक्का, बीपीची गोळी घेतली का?" म्हणून तुलाच सांगते. हे पत्र कुठं जाणार नाही ते एक बरंच आहे, मनात येईल ते लिहिता येतं.

तुझी नात, तू गेलीस तेव्हा नुकती रांगायला लागलेली, आता जर्मनीत नोकरी करते. तिला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत तूच मला शिकवलीस. पण तिची तब्येत नाजूक, तिथल्या डॉक्टरनं विमानात बसायला साफ मनाई केली. तुझे जावई आता तुझ्याकडंच आलेत, म्हणजे माहेर म्हणून जे काही उरलंय ती मी एकटी. पोरीला माहेरी येता येत नाही म्हटल्यावर माहेरानं तिच्याकडं जायचं, सरळ गोष्ट. पण माहेराला व्हिसा लागतो आणि व्हिसाला फोटो लागतो. मला अजून आठवतं, माहेरी यायच्या आधीच कळा येऊन मी दौंडच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाले तेव्हा तू वडगावहून पहिल्या एसटीनं आली होतीस, मांडीवर अळिवाच्या लाडवांचा डबा. शेजारच्या खाटेवरची बाई पोरीकडं बघून म्हणाली, "आजीवर गेली रंगानं." तू डब्याचं झाकण लावता लावता म्हणालीस, "मग काय तुमच्यावर जाईल व्हय?" ती बाई दोन दिवस आपल्याशी बोलली नाही. तुला कुणी फोटो मागितला नव्हता की अपॉइंटमेंट. पोरगी अडलीय म्हटल्यावर निघालीस आणि आलीस.

फोटोचे नियम तुझ्या नातीनं मोबाइलवर पाठवले होते. मागं फिकं हवं, तोंड मिटलेलं हवं, हसायचं नाही, चष्म्यावर लाइट चमकायला नको, फोटो अलीकडचाच हवा आणि त्याच्यावर काहीही काम केलेलं नको. शेवटचा नियम मी फोटोवाल्याला दोनदा वाचून दाखवला. चांगला बायकापोरांचा बाप्या आहे, आमच्याच गल्लीतला. म्हणाला, "मावशी, टेन्शन न्हाई घ्यायचं. फॉरेनला जायाचंय ना, एकदम कडक काढतो." चष्मा काढायला लावला, खांदे सरळ करायला लावले, फोटो काढला आणि आपल्या दुकानाचं नाव छापलेल्या चकचकीत पाकिटात घालून दिला. माझा चष्मा पर्समध्ये. मीही न बघता पाकीट आत टाकलं, तेवढं माझं चुकलं.

पुण्यात व्हिसाच्या हापिसात भाऊ त्याच्या गाडीनं घेऊन गेला. पहाटे उठून, नवी साडी नेसून, फाइल छातीशी धरून मी त्या खिडकीसमोर बसले. काचेपलीकडच्या मुलीनं फोटो बघितला, पासपोर्ट बघितला, मग मला बघितलं. म्हणाली, "मॅडम, हा फोटो तुमचाच आहे का?" मी चष्मा लावला. आई गं, काय सांगू तुला! पाकिटातून निघाली ती कुणीतरी गोरीपान बाई. गालावर एक सुरकुती नाही, डोळ्यांखाली काळं नाही, आणि हनुवटी अशी कोरी की त्यावर कधी गोंदण होतं हे कुणाला शपथ घेऊन सांगितलं तरी पटू नये. पासपोर्टाच्या हापिसात त्यांच्याच कॅमेऱ्यानं फोटो घेतला होता, त्यात माझे तिन्ही ठिपके स्वच्छ दिसतात. मुलगी म्हणाली, "फोटो एडिट केलाय, हा चालणार नाही." मी म्हटलं, "अहो, मी समोर बसलेय ना, मला बघा की!" तर म्हणते, "मी तुम्हाला बघू शकते मॅडम, पण पुढं फक्त फोटो जातो." तिचं काही चुकलं नाही, पण त्या क्षणी मला तिचाही राग आला. तिथलं फोटोचं मशीन नेमकं बंद. रस्त्यापलीकडच्या दुकानात पळत गेलो तर त्या बाबानंही फोटो काढून सगळ्यात आधी काय केलं असेल? माझा रंग उजळला. ते त्याला निस्तरायला लावेपर्यंत खिडकी बंद झाली. पुढची तारीख मिळाली ती पंधरा दिवसांनंतरची, आणि त्यापुढं व्हिसा कधी येईल ते देव जाणे. तिकडं पोरीचे दिवस भरत आलेले. फोनवर तिनं आधी नवी तारीख दोनदा विचारून घेतली. मग हळूच म्हणाली, "आई, मी एकटीच असेन का गं त्या वेळी?" जावई आहेत की जवळ, असं मी म्हटलं. म्हटलं खरं, पण बाईला अशा वेळी कोण हवं असतं ते तुला आणि मला कुणी सांगायला नको.

परत येताना भावानं हायवे सोडून गाडी राहूच्या रस्त्यानं माहेराकडं घातली. म्हणाला, "आक्का, आज रातच्याला वडगावलाच ऱ्हा. डोकं थंड होऊ दे." घरी पोचलो. भावजय म्हणाली, "वन्सं, आधी चा घ्या, मग काय ते." मी चहाचा कप घेऊन तुझ्या फोटोसमोरच्या खुर्चीत बसले. दरवेळी बसते, पण तुझ्याकडं नीट बघत नाही, माणूस रोजच्या भिंतीकडं बघतं का? त्या दिवशी मात्र डोक्यात ते ठिपकेच घुसलेले. तुझ्या गळ्यातला चंदनाचा हार पार हनुवटीपर्यंत येतो. मी उठले आणि हार वर उचलला. खाली काहीच नव्हतं.

आई, तुझी हनुवटी पुसलीय. तुझा मूळ फोटो भावाच्या लग्नातला, घोळक्यात मागं उभी होतीस त्यातनं कापून मोठा केलेला. त्यात तुझं गोंदण होतं, मी बघितलेलं आहे. तो ओलीनं खराब झाला म्हणून भावानं शिरूरला नेऊन नवा करून आणला, आणि त्यांनी तुला गोरी केली. नाक जरा सरळ केलं. अंगावर जांभळी जरीकाठाची साडी चढवली, जी तू जन्मात नेसली नाहीस. खांदे तर तुझे नाहीतच, ते कुणा धडधाकट बाईचे आहेत. मी म्हटलं, "हे काय केलंस रे?" तर तो म्हणतो, "आगं, डाग व्हते, ते काढलं. किती झ्याक दिसती आता!" डाग! मी त्याला जे बोलले ते लिहीत नाही. भावजय मधे पडली नसती तर फोटो भिंतीवरून उतरवून मी दौंडला घेऊन आले असते. तुझा एवढा एकच फोटो आहे घरात, आणि त्यात तू नाहीस. रोज सकाळी उदबत्ती लावतात ती कुणाला? कोण आहे ती बाई?

डाग म्हणे. गावच्या रासाईदेवीच्या जत्रेत गोंदणारीण आली होती तेव्हा तू माझं डोकं तुझ्या गुडघ्यांत दाबून धरलं होतंस. मी बोंबलत होते आणि तू म्हणत होतीस, "झालं गं, झालं, माज्यावानी दिसशील." नंतर गुडीशेवेचा पुडा दिलास. माझी हनुवटी सुजलेली, मला चावताही येईना, आणि तू हसतेस. मला ते गोंदण कधी आवडलं नाही, हे तुला ठाऊक होतं. दहावीच्या फॉर्मला फोटो काढायचा होता त्या दिवशी मी मैत्रिणीकडनं पावडर आणून तोंडाला थापली होती, हनुवटीवर जरा जास्तच. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. मान वर करून बघितलंस, उठलीस, पदर पाण्यात बुडवलास आणि खसाखसा माझं तोंड पुसलंस. "तव्यावर पीठ सांडलं म्हंजी तवा गोरा झाला का गं? जा आता. हाय त्या तोंडानं जा." मी रडत गेले. त्या फोटोत माझे डोळे सुजलेत. तुझा हात कडक होता, आणि अजूनही वाटतं, थोडं मायेनं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? पुढं कुरकुंभला कंपनीत लागले तेव्हा पॅकिंगला आम्ही सगळ्या बायका टोपी आणि मास्कमध्ये. नुसते डोळे दिसायचे. कोण काळी, कोण गोरी, कुणाच्या हनुवटीवर काय, कुणाला पत्ता नाही. तुला नवल वाटेल, पण तिथं मला फार सुखाचं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी मी तडक त्या फोटोवाल्याकडं गेले. फोटो कुठंही काढता आला असता, पण मला त्याच दुकानात जायचं होतं. तो बिचारा आधी ओशाळला, मग वाद घालायला लागला. "मावशी, तुमच्या भल्यासाठीच केलं. बिगर टच-अपचा फोटो दिला तर गिऱ्हाईक अंगावर येतंय. बायोडाटाचा असू दे, वाढदिवसाचा फ्लेक्स असू दे न्हाईतर श्रद्धांजलीचा. मेलेल्या माणसाला बी गोरं करून मागत्यात लोक!" मेलेल्या माणसाचं नाव काढलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हाच मी ओरडले ते, माझं तोंड मला परत दे म्हणून. मग त्यानं निमूट नवा फोटो काढला. मी त्याच्या कॉम्प्युटरशेजारी खुर्ची ओढून, चष्मा लावून बसले. तरी बाई, त्याचा हात आपोआप तिकडंच! बोलता बोलता त्यानं माझा एक गाल उजळलासुद्धा. "हात लावशील तर बघ," म्हटलं. "सवय हाय हो मावशी," तो कळवळून म्हणाला. शेवटी आहे तसा फोटो निघाला. पण त्यानं तो आपल्या दुकानाच्या पाकिटात घालून द्यायला नकार दिला. साध्या कागदात गुंडाळून दिला. म्हणाला, "रागावू नका, पण आमच्या पाकिटात नगं. कुणी बघितलं तर म्हणतील, ह्यानंच काढला." आता ह्यावर काय बोलावं तूच सांग.

तो फोटो चालला. खिडकीतल्या मुलीनं एकदा बघितला, एकदा मला बघितलं आणि शिक्का मारला. त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. रोज पोरीचा फोन, रोज एकच प्रश्न, "आला का गं?" परवा व्हिसा आला. पोरीला सांगितलं तर ती रडायलाच लागली, आणि मग म्हणाली, "बाळाला सांगितलंय, आजी येईपर्यंत थांब." उद्या रात्रीचं विमान आहे, भाऊ सोडायला येतोय. त्याच्याशी मी आता बोलते, पण त्याला सांगून ठेवलंय की मी परत आल्यावर ती भिंतीवरची बाई आधी खाली उतरवायची. लग्नाचा अल्बम शोधायला लावलाय. घोळक्यातली, अर्धवट झाकलेली का असेना, तूच पाहिजेस.

आज सबंध दिवस बॅग भरली. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा, जुन्या मऊ साड्यांची दुपटी. मग बाजारात गेले आणि आणखी एक वस्तू घेतली. दुकानदारानं विचारलं, "मुलगी गरोदर आहे का?" मी हो म्हटलं, आणि त्यानं न सांगता बरोबर ओळखून काचेची डबी पुढं केली. केशर. शेवटच्या दिवसांत का होईना, दुधातनं दिलं की बाळ उजळ होतं म्हणतात. घरी येताना मी स्वतःला समजावत होते की तिकडं फार थंडी, केशर उष्ण असतं, बाळंतिणीला बरं. तुझ्याशी खोटं बोलून काय मिळणार आहे? थंडीसाठी नाही घेतलं मी ते. मघाशी डबी बॅगेतनं बाहेर काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत साड्यांच्या घडीत खाली सरकवली.