प्यूटर मून बँडची उरलीसुरली मिळकत

मी, थेल्मा लम, माहेरची क्रॅबट्री, वय त्र्याहत्तर, विधवा, राहणार बर्नली, लँकशायर, माझ्यामागे भांडणे होऊ नयेत म्हणून हे स्वखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो आजपुरता आहे. सत्तरच्या दशकाबद्दल डॉक्टरांनी काही लिहून दिलेले नाही.

१. माझा इलेक्ट्रिक ऑर्गन शाळेला द्यावा. तरुणपणी मी रविवारी चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवीत असे आणि शनिवारी पबमध्ये, ‘प्यूटर मून’ बँडबरोबर. पाद्रीबाबांनी दोहोंपैकी एक निवडायला सांगितले. मी निवडले. आज त्या चॅपेलमध्ये गालिच्यांचे दुकान आहे, तेव्हा देव कोणाच्या बाजूने होता यावर मी बोलत नाही. माझे दिवंगत पती आल्फी यांचे ड्रमही शाळेलाच द्यावेत. शाळेने आधी शेजाऱ्यांना विचारावे.

२. आमचे जे एकमेव गाणे गाजले, त्यातून जे काही येईल ते भाची हिलरीला. फार येणार नाही. चाल माझी, पण रेकॉर्डवर नाव छापले आमचा गायक रोलंड टॅटरसॉल याचे. छापखान्याची चूक, असे रोलंड म्हणाला. छापखान्याने ती चूक पुढच्या आवृत्तीतही निष्ठेने जपली.

बँड दोन वर्षे टिकला. लीड्सच्या कार्यक्रमात रोलंड चंदेरी झगा घालून आला. झग्याचे टोक धूर सोडणाऱ्या पंख्यात अडकले आणि गाणे ऐन रंगात असताना महाशय उलट्या पावली पडद्याआड गेले. गाणे अर्धे राहिले होते, म्हणून उरलेले मी गायले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एवढाच माझा गुन्हा.

आत आल्यावर रोलंड म्हणाला, “उद्यापासून तुझं ते ऑर्गनचं कपाट पडद्यामागं जाईल. लोक मला बघायला येतात.”

आल्फी एरवी फक्त ड्रममधून बोलत असे. तो म्हणाला, “कपाट राहील. तू जा.”

रोलंड गेला. बँडचे नाव त्याने आधीच स्वतःच्या नावे नोंदवून ठेवले होते, तेही गेले. भाड्याची माणसे घेऊन तो जर्मनीला गेला आणि नाताळपर्यंत तिथला ‘प्यूटर मून’ही मावळला. मी मुलांना पियानो शिकवू लागले. आल्फी गिरणीत लागला. त्याच्या त्या एका बोलण्यावर मी त्याच्याशी लग्न केले. पुढे उभ्या संसारात तो एका दमात इतके कधी बोलला नाही.

३. आल्फी गेल्यावर ब्लॅकपूलच्या एका हॉटेलने जुन्या बँडांचा मेळावा ठरवला, आणि रोलंड माझ्या दारात उभा राहिला. घशाचे ऑपरेशन झालेले, आवाजाच्या जागी नुसती कुजबुज. माझा आल्याचा केक अर्धा संपवल्यावर त्याने विषय काढला. “गाणं तू म्हण, थेल्मा. मी पडद्यामागं खंजिरी वाजवतो.”

मी म्हटले, “लोक तुला बघायला येतात ना?”

“आता ओळखतसुद्धा नाहीत गं.”

मी गायले. त्याआधी तो माइकपाशी गेला आणि म्हणाला, “ही चाल थेल्माची आहे.” माइक तपासणारा कोणी असेल असे समजून लोक बिअर पीत राहिले. मला मात्र ऐकू आले.

४. घर हिलरीला. परंतु मागची खोली रोलंडकडे तहहयात राहील. ब्लॅकपूलहून तो चार दिवसांसाठी म्हणून आला आणि अजून त्याचे चार दिवस झालेले नाहीत. त्याला दुसरे कोणी नाही. हिलरीने त्याला हलवू नये, आणि गाऊही देऊ नये. हे कलम माझ्या हयातीत त्याला कळता कामा नये. तो आभार मानू लागेल, आणि मला सकाळचा चहा शांतपणे प्यायला आवडतो.

ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. म्हणून सह्यांच्या वेळी रोलंडला बाहेर बसवले आहे. आपल्यावर विश्वास नाही असे समजून तो रुसला आहे. रुसू दे.

सही: थेल्मा लम

साक्षीदार: नोरीन सेगर, शेजारीण
साक्षीदार: गॉर्डन व्हिटवम, निवृत्त पोस्टमन

बर्नली, १४ मार्च २०२३